झाकलेल्या भांड्याचा पहिला प्रयोग

मी नाटक लिहिलं आहे, ही बातमी आमच्या ब्रिकनेल गावात वाचनालयातल्या झेरॉक्सच्या यंत्रानं फोडली. यंत्रात कागद अडकला, तो काढायला ग्रंथपालबाई वाकल्या आणि त्यांच्या हाती माझं शेवटचं पान लागलं. त्या पानावर एक विधवा, एक झाकलेलं भांडं आणि पुष्कळशी शांतता एवढंच होतं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळलं होतं की ओरिसियानं नाटक लिहिलं, आणि उरलेल्या निम्म्या गावाची समजूत झाली होती की ओरिसियाचा नवरा गेला.

नवरा, म्हणजे लॉर्न, त्या वेळी मागच्या शेडमध्ये बर्फ उपसायचं यंत्र दुरुस्त करत होता. आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की शेजारपाजारचे लोक स्वयंपाक करून आणून देतात. त्याप्रमाणे दोन बायका गरम भांडी घेऊन आल्या. दार लॉर्ननंच उघडलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं भांड्यांकडे पाहिलं, आणि आभार मानून दोन्ही भांडी आत घेतली. दारात आलेल्या अन्नाची चौकशी करायची नाही, असा त्याचा नियम आहे.

"पण तू जिवंत आहेस हे त्यांना सांगितलंस का?" मी विचारलं.

"त्यांना दिसलं की," लॉर्न म्हणाला. "आणि हे कोबीचे रोल उत्तम झालेत."

तिसरी आली ती व्हर्ना फ्रीसेन. ती रिकाम्या हातांनी आली, यावरून तिला खरी बातमी कळली आहे हे मी ओळखलं.

"काय गं, नाटक लिहिलंस आणि मला पत्ता नाही? पाच वर्षं आपण एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहतोय."

"अजून दाखवण्यासारखं झालं नव्हतं."

"मग झेरॉक्स कशाला काढत होतीस?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. नाटककारांना आणि त्यांच्या रंगमंचावर आलेल्या नाटकांना देशपातळीवर दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. त्याची जाहिरात मी वर्तमानपत्रात पाहिली होती. मी सबंध नोकरी धान्याच्या प्रयोगशाळेत केली, गव्हातला ओलावा आणि प्रथिनं मोजत. निरोपसमारंभात आमचे साहेब माझ्याबद्दल बोलायला उभे राहिले आणि "ओरिसियाची कधी काही तक्रार आली नाही," एवढं बोलून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत मला वाटलं, एकदा तरी आपण काहीतरी म्हणावं आणि सगळ्या देशानं ते गप्प बसून ऐकावं. ही इच्छा शेजारणीला सांगण्याजोगी नसते. मी व्हर्नाला म्हटलं, "पुरस्काराला पाठवायचंय."

"मग त्यात विधवेचं काम कोण करणार?" व्हर्नानं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कोट काढून खुर्चीवर टाकला.

नाटकाचं नाव 'झाकलेलं भांडं'. पात्रं दोन. नवऱ्याला पुरून आलेली ॲग्नेस आणि तिचा दीर. दोघं स्वयंपाकघरात बसतात. टेबलावर एक झाकलेलं भांडं असतं. ॲग्नेस म्हणते, "बस. खाऊन घे काहीतरी." कुणीही खात नाही. भांडं कुणी उघडत नाही. त्यात काय आहे ते प्रेक्षकांना कळत नाही, मलाही माहीत नव्हतं. अधूनमधून ती दोघं मेलेल्या हेन्रीबद्दल एखादं वाक्य बोलतात, आणि बाकी सगळी शांतता. कमी शब्दांत अहवाल लिहिण्याची मला सवय आहे, आणि दुःखाचा अहवाल याहून लांब असू नये असं माझं मत होतं.

पुरस्काराच्या कचेरीत, म्हणजे राजधानीत, ऑटावाला, मी फोन केला. तिथले बुशार नावाचे गृहस्थ अत्यंत सभ्य. ते प्रत्येक गोष्ट आधी फ्रेंचमध्ये सांगत आणि मग इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक नकार मला दोनदा मिळाला.

"नाटक रंगमंचावर आलेलं असायला हवं, मॅडम. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर."

"आमच्या गावात नाट्यगृह नाही. गावचा हॉल आहे."

"हॉल चालेल. आमच्या परीक्षक मंडळातलं कुणीतरी प्रयोग पाहायला येईल. एकदाच. आणि मंचावर जे होईल ते तुम्ही पाठवलेल्या संहितेशी जुळायला हवं."

"साधारण जुळायला हवं, की शब्दशः?"

"शब्दशः," ते दोन भाषांत म्हणाले.

हे ऐकून मला बरंच वाटलं. नमुना आणि अहवाल जुळलेच पाहिजेत, हा नियम माझ्या रक्तात आहे. तो ब्रिकनेलच्या रक्तात नाही, हे मी त्या क्षणी विसरले.

दिग्दर्शक म्हणून मरे हॅलव्हर्सन आपण होऊन पुढे आला. गावात चार लोकांसमोर उभं राहून बोलण्याचा अनुभव फक्त त्याला होता. मरे लिलाव पुकारतो. गवत भरायच्या गाडीवर उभा राहून त्यानं या जिल्ह्यातली निम्मी ट्रॅक्टरं आणि कित्येक मोडलेले संसार विकले आहेत. दिराचं कामही त्यानंच घेतलं. शब्दांचं त्याचं काही अडलं नाही. अडलं ते शांततेचं.

"ओरिसिया, इथं तू 'दीर्घ शांतता' लिहिलंयस. म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"पण माझ्या धंद्यात सगळे गप्प बसले म्हणजे माल विकला गेला."

तालमीत व्हर्ना डोळे खाली घालून बसे, मरे तिच्यासमोर बसे, आणि थोड्या वेळात त्याचं डोकं आपोआप डावीउजवीकडे फिरू लागे, कुणी बोली लावतंय का ते पाहायला. एकदा तर व्हर्नानं नाक पुसायला हात वर केला आणि तो म्हणाला, "बोली मिळाली!" मी त्याला कोपऱ्यात घेऊन मेलेल्या भावाबद्दल काय वाटतं याचा विचार करायला सांगितलं. तो म्हणाला त्याचा भाऊ कॅल्गरीत आहे आणि ठणठणीत आहे.

तरीही आम्ही सावकाश पुढे सरकत होतो. खरी अडचण हॉल समितीच्या बैठकीत उभी राहिली. बैठक तारखेसाठी होती. तारीख मिळाली. मग समितीतल्या बायकांनी विचारलं की नाटक आहे तरी काय, आणि मी सांगितलं.

"थांब, थांब," एकजण म्हणाली. "आज पुरलंय त्याला, आणि टेबलावर एकच भांडं?"

"हो. ते प्रतीक आहे."

"कसलं प्रतीक? त्या बाईला शेजारी नाहीत?"

"आहेत, पण नाटकात येत नाहीत."

"म्हणजे आपलं गाव असं आहे, असं तू ऑटावाला सांगणार? मयतीच्या घरी एक भांडं टाकलं आणि घरी येऊन टीव्ही लावला?"

मी म्हटलं हे गाव ब्रिकनेल नाही. त्यांनी विचारलं, मग कुठलं आहे. मी म्हटलं कुठलंच नाही. हे उत्तर कुणालाही पटलं नाही. कुठलंच नसलेल्या गावातसुद्धा माणूस गेल्यावर किमान अंड्याचे सँडविच, बटाट्याचं काहीतरी आणि जेलीत गाजराचा कीस घातलेलं ते हिरवं सॅलड येतंच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. व्हर्ना माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "खरं सांगू का, ते एकच भांडं बघून मला रडूच येत नाही. नुसता राग येतो शेजाऱ्यांचा."

दोन दिवस मी तत्त्वासाठी झगडले. तिसऱ्या दिवशी व्हर्नानं कुंपणावरून सांगितलं की एका भांड्यासमोर बसायला तिची तयारी नाही. मी घरात जाऊन संहितेत दुरुस्ती केली. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेली भांडी आहेत, आणि त्यांच्या मधोमध ते एक, झाकलेलं. ऑटावाला नवी प्रत पाठवली. एवढ्या एका ओळीनं काय बिघडणार आहे, असा विचार मी केला. प्रयोगशाळेत असा विचार मी कधी केला नसता.

कारण खरं अन्न मंचावर येणार म्हटल्यावर आरोग्य खात्याचे निरीक्षक कीथ दाखल झाले. गावजेवणाच्या वेळी येतात तेच.

"हे अन्न खायचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नाटकभर कुणीच खात नाही. तोच तर नाटकाचा मुद्दा आहे."

"मग ते अन्न नाही," कीथ म्हणाले. "नेपथ्य आहे. नेपथ्याला परवाना लागत नाही. पण एखादा घास जरी कुणी खाल्ला, तर ते पुन्हा अन्न." आणि त्यांनी एक पाटी लावायला सांगितली: 'हे खाऊ नये.' दुःखानं भरलेल्या त्या स्वयंपाकघरात पाटी कुठं लावावी यावर मी आणि मरेनं बराच काथ्याकूट केला. शेवटी ती टेबलाच्या मागच्या अंगाला लावली, जिथून ती फक्त पात्रांना दिसेल. व्हर्ना म्हणाली, आता मात्र खरंच रडू येतंय.

तिकिटांचा प्रश्न हॉल समितीनं परस्पर सोडवला. ऑक्टोबरातल्या गावजेवणाची बरीच तिकिटं उरली होती. नवी कशाला छापायची, म्हणून तीच दिली. या गावजेवणाची पद्धत अशी की प्रत्येकाच्या तिकिटावर टेबलाचा नंबर असतो. लोक खुर्च्यांवर वाट बघत बसतात. व्हर्ना, जी गेली कित्येक वर्षं या जेवणाची सर्वेसर्वा आहे, ती नंबर पुकारते, आणि त्या नंबरचे लोक उठून रांगेला लागतात. तिकिटावर टर्कीचं चित्र होतं. माझ्या शोकनाटकाच्या तिकिटावर टर्की असावी हे मला लागलं, पण मी काही बोलले नाही. माझी कधी काही तक्रार नसते.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता. परीक्षक म्हणून सोलांज पेलतिए नावाच्या बाई माँट्रियलहून विमानानं आणि पुढे भाड्याच्या गाडीनं येणार होत्या. प्रयोगाची वेळ झाली, हॉल भरला, बाई नाहीत. मग त्यांचा फोन आला की गाडी रस्ता सोडून खड्ड्यात उतरली आहे आणि समोर एक खांब आणि पुष्कळ पांढरं दिसतंय. लॉर्न ट्रॅक्टर घेऊन त्यांना काढायला गेला.

आत भांडी गार होऊ लागली. ज्यांनी ज्यांनी ती आणली होती त्या बायकांना खुर्चीत चैन पडेना. एकजण उठली, घरी जाऊन आपला विजेचा कुकर घेऊन आली आणि मंचामागच्या प्लगमध्ये लावून तिनं त्यात आपले कोबीचे रोल काढले. ते बघून दुसरी उठली.

"अगं, ते खायचं नाहीये," मी विंगेतून म्हणाले.

"म्हणून काय गार ठेवायचं?"

"पाहुणी काय म्हणेल!" तिसरी म्हणाली. ती पाहुणी ते चाखणार नव्हती, नुसती लांबून पाहणार होती, हे मी सांगून पाहिलं. लॉर्न पेलतिएबाईंना घेऊन आला तेव्हा टेबलाखालून वायरींचा जुडगा निघाला होता आणि सगळ्या हॉलमध्ये कांदा, लोणी आणि डुकराच्या मांसाचा असा वास दरवळत होता की पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे मिटून बसले होते.

बाई काळ्या कोटात, बारीक, गुडघ्यापर्यंत ओल्या. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. दारावरच्या माणसानं त्यांनाही तिकीट दिलं. पडदा वर गेला.

सुरुवात चांगली झाली, हे मी नोंदवून ठेवते. व्हर्ना बसली होती ती खरोखर दिवसभर उभी राहून आलेल्या बाईसारखी. मरे गप्प बसला. त्याचं डोकं हललं नाही. पहिली वाक्यं जशीच्या तशी आली. मी विंगेत संहिता घेऊन ओळीवर बोट ठेवत होते, आणि बोट आणि मंच एकत्र चालले होते. मग व्हर्नानं मान वर केली आणि तिचं वाक्य म्हणाली, "बस. खाऊन घे काहीतरी." त्यापुढे दीर्घ शांतता होती.

त्या शांततेत कुणीतरी सहावा की सातवा कुकर चालू केला असावा. फटकन आवाज झाला आणि सगळ्या हॉलचे दिवे गेले. दारावरचा लाल दिवा तेवढा राहिला.

त्यानंतर जे घडलं त्याचा दोष मी कुणाला देत नाही. व्हर्ना वर्षानुवर्षं त्याच हॉलमध्ये, त्याच मंचाच्या कडेशी, त्याच वासात उभी राहत आली आहे. वाट बघणारे लोक समोर आहेत, जेवण गरम आहे, आणि "खाऊन घे" हे तिच्याच तोंडून नुकतंच बाहेर पडलं आहे. अंधारात तिच्या तोंडून आपोआप, खणखणीत आवाजात निघालं:

"टेबल नंबर एक!"

आणि टेबल नंबर एक उठलं. मला खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू आला, मग बुटांचा. लोकांनी लाल दिव्यात आपापली तिकिटं डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि जे एक नंबरचे होते ते अत्यंत शिस्तीत पायऱ्या चढून माझ्या नाटकात शिरले. कुणी धक्काबुक्की केली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विंगेत मला पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताटं कुठायत गं?" हॉलच्या स्वयंपाकघरातून ताटं आधीच आली होती. मी हातातल्या संहितेकडे पाहिलं. माझं बोट अजून 'दीर्घ शांतता' या शब्दांवर होतं.

"टेबल नंबर दोन!" व्हर्ना म्हणाली. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

रांगेत मला कीथ दिसले. "खाऊ नये अशी पाटी आहे," मी म्हणाले. "मागच्या बाजूला आहे," ते म्हणाले, "इथून दिसत नाही," आणि त्यांनी बटाटे वाढून घेतले. त्यांच्यामागे, हातात ताट धरून, पेलतिएबाई उभ्या होत्या. त्यांच्या तिकिटावर तीन नंबर होता आणि आपला नंबर आल्यावर उठायचं असतं हे त्यांना शेजारच्यानं सांगितलं होतं. माझा पुरस्कार तिथं, जेलीच्या सॅलडसमोर, संपला असं मी समजले. मी संहिता मिटली.

मग मला ऐकू आलं ते वेगळंच काहीतरी. मयतीनंतर आमच्याकडे लोक जेवायला बसतात तेव्हा प्रत्येकजण गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगतो. टेबल होतं, विधवा होती, दीर होता, ताटं होती. पहिले म्हातारे गृहस्थ व्हर्नाच्या शेजारी बसले, एक घास खाल्ला आणि सहज म्हणाले, "हेन्रीनं माझी शिडी नेली होती बरं का. परत दिलीच नाही."

हेन्री कधी अस्तित्वातच नव्हता. तो मी स्वयंपाकघरात बसून रचला होता.

"शिडी ना?" मरे म्हणाला. "त्यानं ती मला विकली."

लोक हसले. मग एकीनं सांगितलं की हेन्री नाचायला वाईट होता पण नाचायला विचारायचा सगळ्यांना, ज्यांना कुणी विचारत नसे त्यांनासुद्धा. कुणी म्हणालं की वादळात रस्ता बंद झाला तेव्हा तो चालत औषध घेऊन आला होता. दुसरं कुणी म्हणालं, औषध आणलं पण चुकीचं आणलं. कीथ, जे गावचेही नाहीत, ते म्हणाले की हेन्रीनं त्यांना एकदा विहिरीच्या पाण्याचा नमुना दिला होता आणि तो नळाचा निघाला. प्रत्येकजण दुसऱ्याच्या आठवणीत भर घालत होता, दुरुस्ती करत होता, भांडत होता. व्हर्ना आधी हसत होती, आणि मग ती रडायला लागली. नाटकातलं नव्हे. नाक लाल होईल असं.

लॉर्न शेवटच्या टेबलात होता. त्या टेबलाला व्हर्ना नंबर न पुकारता, रडत रडतच म्हणाली, "या. सगळे या. खाऊन घ्या काहीतरी." तो वर आला तेव्हा बहुतेक भांडी खरवडून झाली होती. त्यानं मधोमध ठेवलेलं ते झाकलेलं भांडं पाहिलं. सबंध नाटकात जे कुणी उघडायचं नव्हतं, त्याचं झाकण त्यानं उचललं.

"अरे," तो म्हणाला. "हे रिकामं आहे."

सगळे थांबले. चमचे थांबले. मरे थांबला. मी इतके दिवस तालमीत जी शांतता मागत होते, ती त्या क्षणी अंधारात येऊन उभी राहिली. मग ते म्हातारे गृहस्थ वाकले आणि त्यांनी आपल्या ताटातला एक कोबीचा रोल त्या भांड्यात ठेवला. "व्हर्नाला घरी न्यायला," ते म्हणाले. शेजारच्या बाईनं बटाटे घातले. भांडं हातोहात टेबलाभोवती फिरलं आणि भरून परत आलं. लॉर्ननं झाकण लावलं. त्याच सुमारास कुणीतरी फ्यूज बसवला आणि दिवे आले, आणि टेबलाभोवती बसलेले लोक एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू आपण इथं कसे आलो ते कुणालाच आठवत नव्हतं.

पेलतिएबाई माझ्याकडे विंगेत आल्या. त्यांच्या हनुवटीला साय लागली होती.

"शिडीचं संहितेत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"रिकाम्या भांड्याचंही नाही."

"नाही. माझ्या संहितेत ते कुणी उघडत नाही. मला माहीत आहे, मंचावरचं आणि कागदावरचं जुळायला हवं. इतक्या लांबून तुम्ही आलात, खड्ड्यात पडलात, आणि—"

"जुळायला हवं," त्या म्हणाल्या. "पण कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं हे नियमात लिहिलेलं नाही. मी जे पाहिलं ते मला सोमवारपर्यंत लिहून पाठवा."

तो शनिवार-रविवार माझ्या आयुष्यातला सर्वांत गोंगाटाचा गेला. मला जे आठवत होतं ते मी लिहायला घेतलं, आणि गावाला कळलं की त्यांची वाक्यं ऑटावाला जाणार आहेत. माझ्या स्वयंपाकघरात रांग लागली.

"मी शिडी म्हणालो, पण करवत घाल. करवत जास्त बरी वाटते."

"तुम्ही शिडी म्हणालात. परीक्षकांनी ऐकलंय."

"मग लांब शिडी म्हण."

नाचाचं वाक्य जिचं होतं तिला ते नवऱ्यासमोर वाचलं जायला नको होतं. ज्या बाईनं काहीच म्हटलं नव्हतं तिला वाक्य हवं होतं. मरेनं स्वतःला दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं. मी त्याला ते लिलावात म्हणायला सांगितलं. इतक्या लोकांना एका वेळी 'नाही' म्हणण्याचा प्रसंग मला नोकरीत कधी आला नव्हता, आणि मला ते जमतं असं लक्षात आलं. लॉर्ननं वाक्यात बदल मागितला नाही. तो एवढंच म्हणाला, "माझं बरोबर लिही. मी 'अरे' आधी म्हणालो." मी सोमवारी संहिता पाठवली. पात्रं एकोणसत्तर.

फेब्रुवारीत बुशार यांचा फोन आला. पहिल्यांदा मला फ्रेंचमध्ये होकार मिळाला. तो मला कळला नाही, म्हणून मी इंग्रजीची वाट पाहिली. अंतिम चार नाटकांत 'झाकलेलं भांडं' होतं. समारंभ ऑटावात. चारही नाटककारांनी आपल्या नाटकातलं एकेक पान वाचून दाखवायचं, आणि मग निकाल.

मी आणि लॉर्न गेलो. त्यानं लग्नातला सूट घातला होता, जो त्याला पोटावर बसत नव्हता. आमच्याकडे साडेपाचला जेवतात. ऑटावात समारंभ आठला आणि जेवण त्यानंतर. लॉर्न चौथ्या रांगेत बसला, आणि गरम हॉल, घट्ट सूट आणि रिकामं पोट यांच्या संयुक्त परिणामानं पहिल्या नाटककाराच्या वाचनातच त्याची मान छातीवर आली.

माझी पाळी शेवटची. मी उभी राहिले. समोर अंधारात शेकडो लोक होते, काळ्या कपड्यांत, अगदी शांत. मला आयुष्यभर हवी होती तेवढी शांतता होती. मी वाचायला लागले. माझा आवाज स्थिर होता, हे मला स्वतःला ऐकू येत होतं. शिडी झाली, औषध झालं. सभ्य लोक सभ्यपणे हसले. पान संपत आलं. मी शेवटची ओळ वाचण्यापूर्वी थांबले, आणि मग ॲग्नेसच्या आवाजात, जरा मोठ्यानं म्हणाले, "या. सगळे या. खाऊन घ्या काहीतरी."

कुणी हललं नाही. हलणार कशाला, ते नाटक होतं आणि त्यांना ते माहीत होतं. तरीही माझ्या मनात कुठंतरी खट्ट झालं. आमच्या हॉलमध्ये एव्हाना ताटं वाजली असती.

तेवढ्यात चौथ्या रांगेत लॉर्न जागा झाला. त्यानं झोपेत नेमकं एवढंच ऐकलं होतं. तो डोळे न उघडता, सूट सावरत, ताडकन उभा राहिला.

आता आमच्या देशात एक गोष्ट आहे. कार्यक्रमानंतर कुणी एक जण उभा राहिला की त्याला एकट्याला उभं ठेवणं असभ्य समजतात. लॉर्नच्या शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. मग त्यांच्या शेजारचे. मग ती सगळी रांग, मग तिच्या मागची, आणि बघता बघता तो अख्खा हॉल, मंत्री, परीक्षक, बुशार, पेलतिएबाई, सगळा देश माझ्यासमोर उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्या सगळ्यांच्या मधोमध लॉर्न गोंधळून रांग कुठं आहे ते शोधत होता.

पुरस्कार हॅलिफॅक्सच्या एका गृहस्थांना मिळाला. त्यांच्या नाटकात दोनच पात्रं होती आणि खूप शांतता होती. त्यांच्यासाठीही लोक उभे राहिले, पण जरा सावकाश, कारण पाय दुखू लागले होते.

जेवताना लॉर्ननं मला विचारलं, "ते सगळे तुझ्यासाठी उभे राहिले होते ना?"

मी सबंध आयुष्य कुठल्या गोष्टीचं कारण कुठलं ते काटेकोर वेगळं काढण्यात घालवलं आहे. मी त्याच्या ताटात माझ्या ताटातले बटाटे घातले आणि म्हटलं, "हो."